सगळ्याले शक्तिमान म्हणू नका, भाऊ!



"मिलिटरीचा जुना ट्रक लिलावात स्वस्त भेटून राहिला, बर्फ अन् मासोळी न्यायले घेऊन टाकू का?" हा प्रश्न आपल्यात अधूनमधून निघतोच. ट्रक हिरवा दिसला की आपण त्याला सरसकट शक्तिमान म्हणून मोकळे होतो. पैसे बुडायची सुरुवात तिथूनच होते. हिरव्या रंगाखाली तीन-चार वेगवेगळी यंत्रं असतात. म्हणून आज थोडी ओळख करून घेऊ.

खरा शक्तिमान आपल्याच राज्यातला, जबलपूरचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या '४१५ एल१ एआर' या मॉडेलवरून तो १९५९ मध्ये तिथल्या गन कॅरेज फॅक्टरीत बनू लागला. पुढं ते काम व्हेईकल फॅक्टरीत गेलं. बोनेट पुढं आलेलं, गोलसर आखूड नाक, डिझेल इंजिन आणि चारही चाकांना जोर. १९६५ आणि १९७१ च्या लढायांत यानंच सामान वाहिलं. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यात नवा शक्तिमानही आता तिशीला टेकलेला आहे.

दुसरा निस्सान, 'वन टन'. हाही जबलपूरचाच, नाकही पुढंच, पण अंगानं लहान. लांबून पाहणारा इथंच फसतो. याचं मूळ इंजिन पेट्रोलचं, सहा सिलिंडर, जवळपास चार लिटरचं. भार एक टनाचा आणि तहान मोठ्या गाडीची! काही गाड्यांत नंतर कोणी डिझेल इंजिन बसवलेलं असतं. मग कागदावर काय लिहिलंय आणि बोनेटखाली काय आहे, हे दोन्ही जुळवून पाहावं लागतं.

तिसरे सपाट तोंडाचे, म्हणजे अशोक लेलँडचा स्टॅलियन आणि टाटाचा एलपीटीए ७१३. ड्रायव्हर इंजिनाच्या मागं नाही, वर बसतो. स्टॅलियन '५/७.५ टन' म्हणून ओळखतात. यातला लहान आकडा खडबडीत रानातला, मोठा पक्क्या रस्त्यावरचा. टाटाचा अडीच टनाचा. आपल्या तलावाच्या पाळीवर गाडी न्यायची असेल तर हिशेब लहान आकड्यानंच करा.

एकाच मॉडेलमध्येही फरक असतो. सामानाचा उघडा डाला, टिपर, पाण्याची टाकी, असे प्रकार एकाच चेसीवर बांधतात. टिपरला डाला उचलायचा हायड्रॉलिक जॅक असतो. मासे न्यायला त्याचा उपयोग नाही, वजन मात्र रोज वाहावं लागतं.

नावातलं एक अक्षर किती फरक पाडतं, त्याची गंमत ऐका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जीएमसीचा अडीच टनी ट्रक होता, नाव 'सीसीकेडब्ल्यू'. त्यात 'के' म्हणजे पुढच्या चाकांना जोर, 'डब्ल्यू' म्हणजे मागच्या दोन्ही आसांना जोर. पुढं ३५३ लिहिलं तर लांब चेसी, ३५२ लिहिलं तर आखूड. त्याच यंत्रावर नावेसारखं अंग चढवलं, मागं पंखा लावला आणि झाला 'डीयूकेडब्ल्यू', पाण्यात चालणारा ट्रक! १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जहाजातलं सामान त्यानं थेट जमिनीवर आणलं. आपल्या कोणाला असा सापडला तर आधी आम्हाला बोलवा!

आता कामाचं. फोर बाय फोर चिखलात देवासारखं धावून येतं, पण सौंसरहून नागपूरपर्यंत डांबरीच रस्ता आहे. तिथं पुढचा आस नुसता वजन वाढवतो. डांबरावर पुढचा जोर लावूनच गाडी हाकली तर टायर आणि गिअर दोन्ही घासतात. वर्षातून चार दिवसांच्या चिखलासाठी बारा महिन्यांचं डिझेल जाळायचं का, हे घरी बसून ठरवा.

तरी घ्यायचीच असेल तर बयाणा देण्याआधी प्लेटवरचं मॉडेल आणि चेसी नंबर वाचा, कागदाशी जुळवा. गाडी आपल्या नावावर चढेल का, हे आरटीओत आधी विचारा. सुटे भाग कुठं मिळतात, हे जुन्या मिस्त्रीकडून काढा. प्लेटचा फोटो आमच्याकडं पाठवा, सगळे मिळून पाहू.

जाळं घेताना आपण आस मोजून घेतो. मग ट्रक नुसता रंग पाहून कसा घ्यायचा?