रक्तावर जगणारी हाडे

मोडलेल्या हाडावर पट्टी किती घट्ट बांधावी, याचे उत्तर सुश्रुतसंहितेत स्वच्छ दिलेले आहे. सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही. फार आवळली तर सूज येते, ठणका लागतो, पू होतो. म्हणून मधली रीत धरावी. आधाराला उंबर, पिंपळ, पळस, वड अशा झाडांच्या साली घ्याव्यात आणि बांधलेले हिवाळ्यात सात दिवसांनी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावे, इतका बारीक तपशील तिथे आहे.

ज्या देशात हे लिहिले गेले, तिथे आजही आवळलेल्या पट्टीने मुलांचे हात जातात. झाडावरून किंवा सायकलवरून पडलेले मूल हात टेकते आणि कोपराच्या जरा वर हाड मोडते. गावातला हाड बसवणारा कामट्या लावून करकचून बांधतो. आत सूज वाढत जाते, बाहेर पट्टी हलत नाही, मधल्या मध्ये रक्तवाहिन्या दबतात. काही तासांत हाताचे स्नायू मरू लागतात आणि पुढे बोटे कायमची आखडतात. रिचर्ड फोन फोल्कमन या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्ये या विकृतीचे वर्णन केले. तिला त्याचेच नाव आहे. रुग्णालयातल्या प्लास्टरखालीही हे घडू शकते. मूल सतत कळवळते आहे, बोटे पांढरी किंवा निळसर पडली आहेत, बोट सरळ करताच ते किंचाळते, अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. त्याच क्षणी बंधन सैल करून जवळचे रुग्णालय गाठायचे.

हाडाची दुखणी समजून घ्यायची तर आधी रक्तपुरवठा पाहावा, असे मला वाटते. शाळेतल्या सांगाड्यामुळे हाड म्हणजे कोरडी, निर्जीव वस्तू अशी समजूत होते. प्रत्यक्षात हाडात रक्तवाहिन्यांचे बारीक जाळे असते आणि त्याच्या मगजात रक्तपेशी तयार होतात. जन्मतः सुमारे ३०० असलेली हाडे वाढीत एकमेकांना जुळत जातात आणि मोठेपणी २०६ उरतात. त्यानंतरही काम थांबत नाही. काही पेशी जुने हाड खरवडत असतात, काही नवे रचत असतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. जिथे भार पडतो तिथे हाड दाट होते, हे यूलियस वोल्फने १८९२ मध्ये मांडले. अंतराळवीरांची हाडे वजनरहित अवस्थेत महिन्याला सुमारे एक टक्का झिजतात आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे हाडही ठिसूळ होते, ते याच कारणाने.

मोडल्यावर हाड ज्या रीतीने जुळते, त्याचे मला फार अप्रूप आहे. त्वचा फाटली तर व्रण राहतो. हाडाचे तसे नाही. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळते, दोन-तीन आठवड्यांत त्यातून मऊ जोड धरतो, मग तो कठीण होतो आणि पुढची काही वर्षे शरीर त्याला घासूनपुसून मूळ आकाराकडे नेत राहते. लहान मुलांचे हाड तर पुष्कळदा ओल्या फांदीसारखे एका बाजूने चिरते आणि लवकर भरून येते. तंबाखू आणि सिगारेट मात्र हा जोड लांबवतात, कारण निकोटीन रक्तवाहिन्या आकसवते.

जिथे रक्त अडखळत पोहोचते, तिथे हेच हाड हट्टी होते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात एक छोटे हाड असते, स्कॅफॉइड. त्याला रक्त उलट्या दिशेने, बोटांकडच्या टोकातून मिळते. ते मध्ये मोडले की मागचा तुकडा उपाशी राहतो. पहिल्या एक्स-रेमध्ये ही चीर अनेकदा दिसतच नाही. ‘मुरगळला आहे’ म्हणून हात चोळून घेतला जातो आणि वर्षभराने मनगट निकामी झालेले असते. मुरगळलेले काहीही चोळू नये, हा नियम घराघरांत पोहोचायला हवा.

खुब्याच्या गोळ्याची गतही अशीच. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार आहे. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, गोळ्याचे रक्त तुटते आणि ऐन तारुण्यात तो मरून खचतो. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स आणि अति मद्यपान यांनीही हेच होते. जांघेत दुखते, चाल लंगडी होते, सुरुवातीचा एक्स-रे मात्र निर्दोष असतो. दोष एमआरआयमध्ये दिसतो. सिकलसेल असलेल्या मुलाने किंवा मुलीने जांघेतल्या दुखण्याची तक्रार केली, तर ती थकव्यावर ढकलू नये.

सांध्यातल्या कूर्चेला तर रक्तवाहिन्याच नाहीत. म्हणून ती झिजली की पूर्ववत होत नाही. गुडघ्यातले ‘वंगण कमी झाले’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा ही कूर्चा गेलेली असते. त्यावर विकली जाणारी तेले आणि चूर्णे कूर्चा परत आणत नाहीत. वजन उतरवणे आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला बळकट करणे, हे दोन उपाय खरोखर उपयोगी पडतात आणि तेच सर्वांत कमी केले जातात. ते करूनही चालणे अशक्य झाले, तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आहे. जॉन चार्नलीने इंग्लंडमध्ये १९६२ साली खुब्याच्या कृत्रिम सांध्याचा टिकाऊ मार्ग दाखवला, पुण्याचे डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय माणसासाठी ‘इंडस’ हा कृत्रिम गुडघा घडवला. ही शस्त्रक्रिया उत्तम आहे, पण तिचा क्रमांक शेवटचा असावा.

सगळ्या सांधेदुखीला ‘वात’ म्हणून एकाच पोत्यात भरण्याने मोठे नुकसान होते. दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजलेले आणि सकाळी तासभर आखडलेले असतील, तर तो आमवात असू शकतो. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यावर उलटते. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर बोटे वाकडी होणे बरेच टाळता येते. पायाचा अंगठा रातोरात लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसेनासा झाला, तर युरिक आम्लाचा विचार करावा लागतो.

पाठदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप शमते. पण पाठीबरोबर संध्याकाळचा ताप आणि घटते वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग शोधलाच पाहिजे. तो फुप्फुसातून रक्तावाटे मणक्यात उतरतो, औषधांनी बरा होतो आणि दुर्लक्षिला तर पाय लुळे करतो. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत पाण्यातल्या जादा फ्लोराइडने पाठीचा कणा ताठरतो. तिथे उपाय दवाखान्यात नाही, नळाच्या पाण्यात आहे.

रस्त्यावरच्या अपघातात मांडीचे हाड मोडले तर बाहेर एक थेंब न दिसता आत लिटरभर रक्त साचू शकते. म्हणून जखमीला उचलून रिक्षात कोंबण्याआधी पाय फळीला किंवा दुसऱ्या पायाला बांधून स्थिर करावा. हाड त्वचेबाहेर आले असेल तर त्यावर हळद, माती, काही लावू नये. स्वच्छ कापड ठेवावे आणि निघावे.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आपल्या घरातल्या साठीच्या बायकांची. हाडांचा साठा साधारण तिशीपर्यंत वाढतो. पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत तो वेगाने घटतो, आणि हे घटणे अजिबात दुखत नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, खुबा मोडतो. ‘या वयात ऑपरेशन कशाला’ म्हणत घरचे त्यांना पलंगावर ठेवतात. मग फुप्फुसात कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात, पाठीला जखमा पडतात. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी पाचात एकाहून अधिक जण वर्षभरात दगावतात, असे अनेक देशांतल्या नोंदी सांगतात. शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया करून माणसाला उभे करणे, हाच त्यांचा जीव वाचवण्याचा मार्ग आहे. वय हे शस्त्रक्रिया टाळण्याचे कारण नाही.

खुब्याच्या आधी पुष्कळदा मनगट इशारा देते. चालता चालता पडून हात टेकला आणि मनगट मोडले, सहा आठवड्यांत प्लास्टर निघाले, सगळे विसरले, असे घरोघरी होते. उभ्या उंचीवरून पडून निरोगी हाड सहसा मोडत नाही. तेव्हा तुमच्या आईचे, मावशीचे किंवा सासूबाईंचे मनगट असे मोडले असेल, तर या दिवाळीत फराळाला भेटाल तेव्हा हाडांची घनता मोजली का, ते विचारा. मोजली नसेल तर स्वतः सोबत जाऊन डेक्सा तपासणी करून घ्या, ड जीवनसत्त्व पाहा, डॉक्टरांकडून औषध सुरू करा आणि त्यांच्या न्हाणीघरात धरायला एक भक्कम दांडा बसवून द्या.