सध्या काय करून राह्यला?

लोणार म्हटलं की बाहेरच्यांना उल्कापाताचं विवर, खारं पाणी आणि दैत्यसूदनाचं मंदिर आठवतं. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा फोटो देशभर फिरले. काठावरच्या गावात मात्र सोयाबीनचा भाव, पोराची नोकरी, पोरीचं लग्न यांचाच घोर असतो. तो फोटोत मावत नाही, कादंबरीत मावतो. आणि आपला बुलढाणा जिल्हा त्या बाबतीत श्रीमंत आहे.

अमडापूरच्या सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ २००२ साली आली, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्यातला एकनाथ शिकलेला, पण मास्तरकीसाठी संस्थाचालकाला द्यायला पैसा नाही. म्हणून शेतीत. ‘सध्या काय करून राह्यला?’ असं आपल्याकडे कुणीही सहज विचारतं. एकनाथसारख्याला तो प्रश्न सोलून काढतो. शिक्षणामुळे तो पुरता शेतकरी राहिला नाही आणि नोकरीअभावी दुसरा कुणी झालाही नाही.

हाच प्रश्न मला आजच्या जपानी कादंबऱ्यांत भेटतो. सायाका मुराता यांच्या, २०१६ साली अकुतागावा पुरस्कार मिळालेल्या कादंबरीतली केइको छत्तीस वर्षांची. अठरा वर्षं एकाच चोवीस तास चालणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम करते, तिथे ती सुखी आहे. लग्न कधी, धड नोकरी कधी, म्हणून भोवतालचे जीव खातात. शेवटी ती दुकान सोडते. मुलाखतीला जाताना वाटेत एका अनोळखी दुकानात शिरते आणि तिथल्या फळ्यांवरचा माल नीट लावायला लागते. ती कोण आहे, हे त्या हातांना ठाऊक असतं. नोकरी न मिळालेला एकनाथ आणि मिळालेली नोकरी कुणी मोजत नाही अशी केइको, हे मला एकाच घरातले वाटतात.

हिरोको ओयामादांच्या ‘कारखाना’त एक बाई दिवसभर यंत्रात कागद फाडत बसते, कशासाठी, ते तिला कळत नाही. बुलढाण्याच्या रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ ज्यांनी वाचली, त्यांना ती बाई ओळखीची वाटेल. साक्षरता अभियानात तिथले गुरुजी कागदावरच गाव साक्षर करतात.

यू मिरी या जपानमध्ये जन्मलेल्या कोरियन वंशाच्या लेखिका. त्यांच्या कादंबरीतला काझू १९६४ च्या ऑलिंपिकआधी फुकुशिमातून टोकियोत बांधकामावर मजुरीला येतो. राबराब राबतो आणि म्हातारपणी उएनो उद्यानात बेघर होऊन राहतो. आपल्या तालुक्यांतून पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर गेलेल्यांच्या घरी हे पुस्तक कुणीतरी मराठीत वाचून दाखवायला हवं.

एक उणीव मात्र सलते. ‘बारोमास’मधली अलका, एकनाथची बायको, त्या घरात रमत नाही, माहेरी निघून जाते. वाचकाचा जीव एकनाथपाशी गुंततो. मिएको कावाकामींच्या कादंबरीत तीन बायका, बहिणी-बहिणी आणि एकीची मुलगी, आपलं शरीर, गरिबी, मूल हवं की नको, यावर स्वतः बोलतात. मुलगी तर आईशी बोलणंच बंद करून वहीत लिहिते. अलकाची वही मला वाचायची आहे. आणि ती मेहकर, लोणार, चिखलीकडच्या एखाद्या लेकीनेच लिहावी.