फ्रेझरच्या बाजूने

मुहम्मद अली आणि जो फ्रेझर या मुष्टियोद्ध्यांची तुलना निघाली की आपल्याकडच्या क्रीडालेखकांचा निकाल आधीच तयार असतो. अली म्हणजे कलावंत आणि फ्रेझर म्हणजे अंगावर मार झेलत पुढे सरकणारा, एका हाताचा धटिंगण. हे वाक्य मी इतक्या दिवाळी अंकांत वाचलं आहे की लिहिणाऱ्यांनी लढती पाहिल्या की एकमेकांचे लेख, असा प्रश्न पडतो. अलीचं रोमचं सुवर्ण, लिस्टन, व्हिएतनामला नकार, किन्शासा हे सारं वाचकांना तोंडपाठ आहे. त्यामुळे ते पुन्हा न सांगता जो फ्रेझरबद्दल लिहितो. अलीचं मोठेपण मला मान्य आहेच. पण ते ज्या माणसाच्या अंगावर सिद्ध झालं, त्याचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही.

फ्रेझर दक्षिण कॅरोलायनातल्या ब्यूफर्टचा. वडील रुबिन यांचा डावा हात गोळीबारात गेलेला, त्यामुळे शेतावर त्यांचा डावा हात म्हणजे हा मुलगाच. चिंध्या, मक्याची कणसं, झाडावरचं शेवाळ आणि मधोमध एक वीट असं पोत्यात भरून त्याने घरीच ठोसे मारायची बॅग बनवली होती. एक दांडगं डुक्कर मागे लागलं आणि पळताना पडून त्याचा डावा हात मोडला. डॉक्टरला द्यायला पैसे नव्हते. हात जसा जुळला तसा जुळला आणि पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. हे फ्रेझरनेच सांगितलेलं आहे. जगातला सर्वांत घातक डावा हुक याच वाकड्या हाताचा.

फिलाडेल्फियात तो कत्तलखान्यात कामाला लागला आणि तिथे टांगलेल्या मांसावर ठोसे मारून सराव करू लागला. १९७६च्या ‘रॉकी’ चित्रपटाने ही गोष्ट उचलली आणि जगभर पोहोचवली. १९६४च्या टोकिओ ऑलिम्पिकसाठी तो मुळात निवडलाच गेला नव्हता. निवड चाचणीत त्याला हरवणाऱ्या बस्टर मॅथिसच्या हाताला दुखापत झाली, म्हणून फ्रेझर गेला. उपांत्य लढतीत डावा अंगठा मोडला. तो लपवून त्याने अंतिम लढत खेळली आणि सुवर्ण आणलं. शिवाय त्याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. त्या डोळ्याने जवळजवळ दिसत नसतानाच त्याने सगळी कारकीर्द काढली.

आता ‘एका हाताचा धटिंगण’ या आरोपाकडे वळतो. फ्रेझरची उंची सहा फुटांच्या आतली, अली सहा फूट तीन इंच. हातांच्या पल्ल्यात अलीला पाच इंचांचा फायदा. लांबून लढलं तर मार खायचा, एवढंच फ्रेझरच्या हाती उरतं. म्हणून गुडघ्यात वाकून, डोकं सतत डाव्या-उजव्या बाजूला हलवत, जॅबच्या खालून आत शिरायचं. हा बचावच आहे, फक्त तो पुढे चालत केलेला. त्याला पाय, कंबर आणि छातीचा भाता एकाच वेळी लागतो. मागे सरकत नाचणाऱ्याला श्वास घेता येतो. पुढे डोलत जाणाऱ्याला ती सवलत नसते.

८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोघेही अपराजित, अलीच्या नावावर ३१ विजय, फ्रेझरच्या २६. दोघांना प्रत्येकी २५ लाख डॉलर. फ्रँक सिनात्रा रिंगच्या कडेला कॅमेरा घेऊन बसला होता. ही लढत मी तेव्हा फक्त वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळींत वाचली. पुढे व्हीसीआरचे दिवस आले आणि दादरच्या एका मित्राच्या घरी कॅसेट मिळाली. तेव्हापासून ती पुढे-मागे करून पाहत आलो आहे.

सगळे पंधराव्या फेरीतला नॉकडाऊन दाखवतात. माझं म्हणणं, लढत त्याआधीच ठरत आली होती. फ्रेझरच्या कोपऱ्यात प्रशिक्षक यँक डरहॅमसोबत एडी फच होता. अलीला दोरांकडे रेटायचं आणि डोक्याच्या मागे न लागता अंगावर मारायचं, ही फचची योजना. दोरांना टेकून अली मान हलवत प्रेक्षकांना ‘काही लागलं नाही’ असं सांगत राहिला आणि फ्रेझर त्याच्या बरगड्या आणि कंबर मोजत राहिला. अकराव्या फेरीत एका डाव्या हुकने अलीचे गुडघे वाकले. फचने आणखी एक गोष्ट हेरली होती. उजवा अपरकट मारताना अली हात खाली आणतो आणि तेवढ्यात गालाची ती बाजू उघडी पडते. पंधराव्या फेरीत अलीने तोच अपरकट काढला, फ्रेझरने पार खालून हुक आणला आणि अली पाठीवर आडवा झाला. तो लगेच उठला, हेही तितकंच मोठं. पण त्या हुकला नशिबाचा ठोसा म्हणणाऱ्यांनी तो क्षण संथ गतीत पाहावा. तिन्ही गुणपत्रिका फ्रेझरच्या बाजूने होत्या.

नंतरचं थोडक्यात. १९७३ला किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. १९७४ची अलीबरोबरची दुसरी लढत कंटाळवाणी झाली. मानेवर हात टाकून अली मिठ्या मारत राहिला आणि गुणांवर जिंकला.

मग १ ऑक्टोबर १९७५, मनिला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत सकाळीच ठेवलेली आणि भर उकाड्यात. मधल्या फेऱ्या फ्रेझरच्या, शेवटच्या अलीच्या. तेराव्या फेरीत फ्रेझरचा माउथपीस उडून रिंगबाहेर गेला. उजवा डोळा सुजून मिटत आला आणि डाव्याने तर पूर्वीच दिसत नव्हतं. अलीचे उजवे ठोसे त्याला दिसतच नव्हते. चौदाव्या फेरीनंतर फ्रेझर ‘नको, नको’ म्हणत असताना फचने लढत थांबवली. मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, असं अलीनेच नंतर सांगितलं. हरलेल्या माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुणी दिलेलं मला ठाऊक नाही.

व्हिएतनामच्या नकारामुळे अलीवर बंदी होती तेव्हा फ्रेझरने त्याला पैशाची मदत केली, परवाना परत मिळावा म्हणून शब्द टाकला. बदल्यात अलीने त्याला गोऱ्यांचा हस्तक म्हटलं, मनिलाच्या आधी गोरिला म्हणून हिणवलं. फ्रेझर तर कुळाने शेती करणाऱ्याचा मुलगा. त्याच्या पोरांना शाळेत टोमणे ऐकावे लागले. याला नुसती जाहिरातबाजी म्हणून सोडून देणारे लेखक मला पटत नाहीत. अलीने २००१मध्ये जाहीर माफी मागितली. फ्रेझरच्या मनातला सल मात्र बरीच वर्षं राहिला, आणि तो राहण्यात मला काही गैर वाटत नाही.

आकडे पाहायचे तर अलीचे ५६ विजय, ५ पराभव. फ्रेझरचे ३२ विजय, ४ पराभव, एक बरोबरी. ते चारही पराभव अली आणि फोरमन या दोघांकडूनच. अलीने तीनदा जगज्जेतेपद मिळवलं, पण १९८०ला होम्ससमोर आणि पुढच्या वर्षी बर्बिकसमोर उभं राहायला नको होतं. १९८०मध्येच तो मद्रासला येऊन जिमी एलिसबरोबर प्रदर्शनी लढत खेळला. अलीच्या बंदीच्या काळात याच एलिसला हरवून फ्रेझर निर्विवाद जगज्जेता झाला होता. मद्रासच्या लढतीवर आपल्याकडे लिहिणाऱ्यांना हे आठवलेलं मी पाहिलं नाही.

फ्रेझर २०११मध्ये यकृताच्या कर्करोगाने गेला. अली अंत्यविधीला आला होता. फिलाडेल्फियात रॉकी या काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा १९८०च्या दशकातच आला. फ्रेझरचा उभा राहिला २०१५ला. ज्या नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवरच्या जिममध्ये तो पोरांना शिकवायचा, तिथे पुढे फर्निचरचं दुकान झालं.

आणि आजचं मुष्टियुद्ध? चार संघटना, चार पट्टे, आणि एकमेकांना टाळत बसलेले जेते. मेवेदर आणि पॅकियाव यांची लढत २०१५ला झाली, तेव्हा दोघांचाही उमेदीचा काळ सरत आला होता. २०२४मध्ये ५८ वर्षांच्या टायसनला यूट्यूबवरून नाव कमावलेल्या २७ वर्षांच्या मुलासमोर उभं केलं आणि कोट्यवधींनी ते पाहिलं. त्याच वर्षी उसिकने सगळे पट्टे एकत्र केले. हेवीवेटमध्ये असा निर्विवाद विजेता १९९९नंतर पहिल्यांदाच दिसला. पण मराठी क्रीडापानांवर टायसनलाच जास्त जागा मिळाली.

तरुण वाचकांना माझं सांगणं, १९७१ची लढत पूर्ण पाहा आणि अलीच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या बरगड्यांकडे लक्ष ठेवा. मुष्टियुद्धाची मोहिनी अलीने जगाला घातली, हे खरं. पण रिंगमध्ये उंची, पल्ला, डोळा, पैसा आणि लोकमत विरोधात असताना पुढे कसं जायचं हे शिकायचं असेल, तर गुरू फ्रेझरच. क्रमवारीत अली पहिला असेल, मला वाद घालायचा नाही. फ्रेझरला त्याच्या सावलीत बसवणारी क्रमवारी मात्र मी मान्य करणार नाही.