पगार थांबल्यानंतरचा जमाखर्च

नोकरी ‘सुटली’, ‘गेली’, ‘सोडली’, ‘सोडवली’, ‘काढून टाकले’, ‘घरी बसवले’ – पगार थांबण्याला मराठीत इतकी क्रियापदे आहेत. घरातल्या डब्यांना त्यांतला फरक कळत नाही. पहिल्या तारखेला पैसे आले नाहीत एवढेच कळते. कायद्याच्या दृष्टीने मात्र कोणते क्रियापद कागदावर उमटले यावरच सारे अवलंबून असते. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याने घातलेला नियम असा की, कामगाराला कपातीत काढले तर एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. त्याच कामगाराने राजीनाम्यावर सही केली तर यातले काहीही नाही. कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ साली सुरू झालेली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना बेकारीच्या काळात नव्वद दिवसांपर्यंत भत्ता देते, सुरुवातीला सरासरी वेतनाच्या २५ टक्के आणि २०२० पासून ५० टक्के. पण तीही आयुष्यात एकदाच, आणि स्वेच्छेने निवृत्ती घेणाऱ्याला नाही.

ब्रिटनने १९११ साली आणि जर्मनीने १९२७ साली बेकारीचा विमा कायद्याने आणला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२च्या सामाजिक सुरक्षा करारात नऊ लाभांच्या यादीत बेकारीचा लाभ आहे. भारताने तो करार स्वीकारलेला नाही. आपल्याकडे नोकरी सोडणाऱ्याला दरमहा काही मिळत नाही. त्याला एकरकमी मिळते, आणि त्या रकमेचा पगार त्याने स्वतःच करायचा असतो. हे रूपांतर कसे होते ते आमच्याच घराच्या वहीवरून मांडतो.

चिंचवडच्या एका कारखान्यात मी १९९९ ते २०२३ अशी चोवीस वर्षे स्टोअर्स विभागात होतो. विभाग परराज्यात हलला, आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी राजीनामा दिला. घरात आई, पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि मी.

पहिला लाभ उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. १९७२च्या कायद्याचे सूत्र सोपे आहे: शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला २६ने भागायचे, १५ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. माझे वेतन २४,००० रुपये होते. हिशेब ३,३२,३०८ रुपयांवर आला. भागायला महिन्याचे तीस दिवस घेत नाहीत, साप्ताहिक सुट्ट्या वगळून सव्वीस घेतात, हे कामगाराच्या फायद्याचे आहे. अनेकांना ते ठाऊक नसते, म्हणून आलेला आकडा एकदा तपासून पाहावा.

दुसरा लाभ भविष्य निर्वाह निधी. माझे खाते १४ लाख २० हजारांवर थांबले होते. पाच वर्षांहून अधिक सलग सेवा असल्याने त्यावर आयकर लागला नाही.

तिसरा लाभ निवृत्तिवेतन, आणि सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. मालकाच्या १२ टक्के वाट्यातले ८.३३ टक्के १९९५च्या निवृत्तिवेतन योजनेत जातात, पण ते पूर्ण पगारावर नव्हे, १५,००० रुपयांच्या मर्यादेवर. म्हणजे महिन्याला फार तर १,२५० रुपये. वेतन गुणिले सेवावर्षे भागिले सत्तर, हे निवृत्तिवेतनाचे सूत्र. माझी सगळी सेवा १५,००० रुपयांनी मोजली तरी ५,१४३ रुपये येतात. प्रत्यक्षात सप्टेंबर २०१४ पूर्वीची वर्षे ६,५०० रुपयांच्या जुन्या मर्यादेने मोजतात, त्यामुळे आकडा आणखी उतरतो. हे वेतन अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू होते. पन्नाशीनंतर आधीही मागता येते, पण दर वर्षामागे चार टक्के कपात होते आणि ती जन्मभर राहते. सात वर्षे आधी घेतले तर सुमारे पाव भाग जातो. शिवाय या वेतनाला महागाई भत्ता नाही. म्हणून मी ते मागितले नाही. २०२३ ते २०३० ही सात वर्षे एकरकमी पैशावरच काढायची असे ठरले.

उपदान आणि निधी मिळून १७ लाख ५२ हजार झाले. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे व्याज त्या वेळी ८.२ टक्के होते, पण ती योजना साठीनंतरची. निवृत्त झालेल्यांना पंचावन्नपासून सवलत आहे, मला तीही नाही. उरली डाकघराची मासिक प्राप्ती योजना. संयुक्त खात्याला १५ लाखांची मर्यादा, पाच वर्षांची मुदत, ७.४ टक्के व्याज. म्हणजे दरमहा ९,२५० रुपये. मधेच खाते मोडले तर पहिल्या तीन वर्षांत मुद्दलातून दोन टक्के आणि नंतर एक टक्का कापतात. आमच्या दृष्टीने हा दंड उपयोगाचा ठरला. नातलगांपैकी कोणी उसने मागितले की ‘पैसे पोस्टात अडकलेत’ हे उत्तर खरे असते. उरलेल्या अडीच लाखांतले दीड लाख आजारपणासाठी आणि एक लाख मुलीच्या फीसाठी वेगळे ठेवले.

पगार असताना घरखर्च महिन्याला २७,००० होता. आवळून तो २१,००० वर आणला. यात खरी मेहनत किराण्यात नाही, वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांत आहे. घरपट्टी, विम्याचा हप्ता, दिवाळी, दुचाकीची दुरुस्ती, गावाकडची एक-दोन लग्ने हे आकडे पगारात बोनसमधून निघत आणि वहीत दिसतच नसत. आता त्यांची बेरीज करून बाराने भागतो आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाकतो. पत्नी आठ जणांचे डबे करते; सामान आणि गॅस वजा जाता तिचे ७,००० उरतात. मी एका हार्डवेअरच्या दुकानाचा माल-हिशेब लिहितो, त्याचे ५,०००. एकूण २१,२५०. तोंडमिळवणी होते, शिल्लक पडत नाही.

डब्यांचा हा उपाय आमच्या घरात निघालेला नाही. गिरणगावात खानावळीच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या कामगारांना जेवू घातले. त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांची मिळकत थांबली. त्यानंतर कित्येक घरे बाईच्या हातच्या कामावर तगली. पुढे गिरण्या बंद होताना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम ज्यांच्या हाती आली, त्यांतल्या अनेकांची ती जुने कर्ज, मुलीचे लग्न आणि गावचे घर यांत संपली. त्याला उधळपट्टी म्हणणे अन्यायाचे होईल. ती देणी खरीच होती आणि वर्षानुवर्षे पगारातून पुढे ढकललेली होती. रकमेकडे मात्र ती एकदाच येणारी मिळकत म्हणून पाहिले गेले, पुढच्या पंधरा वर्षांचा पगार म्हणून नव्हे.

चौथा प्रकार सवलतींचा. एसटीत महिलांना अर्धे तिकीट, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. कारखान्याचा समूह विमा राजीनाम्याच्या दिवशीच संपला, त्यामुळे ही दुसरी सवलत आम्हाला व्याजाइतकीच मोलाची आहे. पण बऱ्याच योजनांना उत्पन्नाची अट असते. लाडकी बहीण योजनेची मर्यादा वर्षाला अडीच लाख, केशरी रेशनकार्डाची एक लाख. तहसीलदाराचा दाखला गेल्या वर्षाचे किंवा गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न सांगतो. पगार आज थांबला तरी कागदावर तो वर्षभर चालूच राहतो, आणि मदतीची गरज नेमकी त्याच वर्षी सर्वांत जास्त असते. म्हणून नोकरी सोडण्यापूर्वी निदान वर्षभराचा खर्च हाताशी असावा, असे मी विचारणाऱ्यांना सांगतो.

शेवटचा आकडा महागाईचा. दरवर्षी पाच टक्के धरली तर आजचे २१,००० सात वर्षांनी साडेएकोणतीस हजार होतात. व्याज मात्र ९,२५० वरच उभे असते. म्हणजे दर दिवाळीला आम्हाला साधारण हजार-बाराशेची जादा मासिक मिळकत शोधावी लागते. यंदा पत्नीने दोन डबे वाढवले. मुलगी पुढच्या वर्षी पदवीधर होईल आणि फीचे खाते बंद होईल. तिच्या पहिल्या पगारातला किती वाटा घरात धरायचा हे वहीत अजून लिहिलेले नाही. तो रकाना मोकळा ठेवा, असे पत्नीचे म्हणणे आहे, आणि तो तसाच मोकळा आहे.