प्रवेशनियमांची वाक्यरचना : ओपनएलडॅपमधील क्रमाचा विचार

विद्यापीठासारख्या संस्थेतील व्यक्तींची नावे, पत्ते व पासवर्ड ज्या डिरेक्टरी सर्व्हरवर नोंदलेले असतात, त्यांतील कोणती नोंद कोणी पाहावी आणि कोणी बदलावी, हे ठरविणारे नियम एका लहानशा कृत्रिम भाषेत लिहिलेले असतात. ओपनएलडॅप या १९९८ साली सुरू झालेल्या प्रकल्पाची नियमभाषा या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

तिच्यातील वाक्याची तीन अंगे होत. ‘ॲक्सेस टू’ या पदांनंतर विषय येतो. ‘बाय’ या पदानंतर अधिकारी व्यक्ती येते. आणि तिच्यामागोमाग अधिकाराची पायरी येते. या पायऱ्या चढत्या क्रमाने नन, डिस्क्लोज, ऑथ, कम्पेअर, सर्च, रीड, राइट व मॅनेज अशा असून वरच्या पायरीत खालच्या सर्व अंतर्भूत असतात. एका विषयास अनेक ‘बाय’ जोडता येतात.

उदाहरणार्थ, पासवर्डाविषयीचा नियम पाहू : ‘बाय सेल्फ राइट, बाय ॲनॉनिमस ऑथ, बाय * नन’. स्वतःचा पासवर्ड ज्याचा त्याने बदलावा. ओळख अद्याप न पटलेल्याने तो केवळ पडताळणीपुरता वापरावा. इतरांस काहीही नाही. यांतील मधला खंड अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रवेश मागणारा प्रत्येक जण त्या क्षणी अनामिकच असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याचे प्रयोजन कळते.

यानंतर ‘ॲक्सेस टू *, बाय * रीड’ हा सामान्य नियम लिहिला, तर अभीष्ट अर्थ सिद्ध होतो. क्रम उलटला तर काय होईल? पाणिनीय परंपरेत अपवाद हा उत्सर्गास बाधतो, मग त्याचे स्थान कोठेही असो. येथे तसे नाही. विषयाशी जुळणारा पहिला नियम आणि त्यातील व्यक्तीशी जुळणारा पहिला ‘बाय’ खंड एवढाच पाहिला जातो. पुढे जाण्याची आज्ञा स्पष्ट दिली नसेल तर शोध तेथेच थांबतो. त्यामुळे सामान्य नियम आधी आल्यास पासवर्डाचे साठविलेले रूप कोणासही वाचता येते. रीडमध्ये ऑथ अंतर्भूत असल्याने प्रवेश पूर्ववत चालू राहतो, आणि म्हणूनच ही चूक दीर्घकाळ लक्षात येत नाही.

मौनाचा अर्थही ध्यानात ठेवावा. एकही नियम नसेल तर सर्वांस वाचनाची मुभा असते. एक जरी लिहिला, तरी ज्याचा उल्लेख नाही ते सर्व निषिद्ध ठरते. प्रत्येक नियमाच्या अखेरीस ‘बाय * नन’ अध्याहृत असते. मुख्य व्यवस्थापकाच्या ‘रूटडीएन’ या खात्यास मात्र यांतील कोणताही नियम लागू नाही.

सारांश, या भाषेत विशेषाचे बळ त्याच्या विशेषत्वात नसून त्याच्या स्थानात आहे. विशेष आधी व सामान्य नंतर हा क्रम पाळणे ही येथे केवळ शैलीची बाब नव्हे. नियमाचा अर्थच त्यावर अवलंबून आहे.