'मेक' या क्रियापदाचा एक उपयोग

'या बातमीने मला आनंदित केले' या वाक्याचे इंग्रजी करावयास सांगितल्यास पुष्कळ मुले 'केले' या शब्दासाठी 'डू'चे रूप योजतात. ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. काम करणे व एखाद्यास सुखी करणे, दोहोंस मराठीत 'करणे' हे एकच क्रियापद चालते. इंग्रजीत दुसऱ्या अर्थी 'मेक' लागते : 'द न्यूज मेड मी हॅपी.' आधी क्रियापद, मग सर्वनाम, शेवटी विशेषण. गुण कापण्यापूर्वी दोन्ही भाषांतील वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून दाखवावीत.

खरी अडचण सर्वनामाची आहे. इंग्रजी 'मी' म्हणजे आपले 'मला'. उच्चार मात्र आपल्या 'मी'चाच! मूल गोंधळेल नाही तर काय? म्हणून प्रथम 'हिम', 'हर', 'देम' घालून वाक्ये तोंडी घोटून घ्यावीत. 'मी' मागाहून आणावा.

विशेषणास लिंगवचनाचा विकार नाही. 'भिंत पांढरी केली', 'दगड पांढरे केले', दोन्हीकडे 'व्हाइट'च. ही सवलत मुलांस आवडते. मात्र 'इट मेड हर सॅड' यात 'सॅडली' येऊ देऊ नये. येथे तिची अवस्था सांगावयाची आहे, क्रियेची रीत नाही.