उसातील तण पोटात घेण्यापूर्वी



खोडव्याची भांगलण सुरू झाली की आमच्या शेती विभागाचा स्टाफ रोज प्लॉटवर फिरतीवर असतो. खताचा डोस, पाण्याची पाळी, तणनाशकाचे प्रमाण याविषयी आपण विचारता आणि आम्ही सांगतो. अलीकडे मात्र बांधावर निराळेच प्रश्न कानावर येतात. "साहेब, ही घेटुळी सुजेवर चालते म्हणतात, काढा करून घेऊ का?" "भुईआवळी कावीळीला देऊ का?"

आम्ही वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. औषध सांगणे हे आमचे काम नव्हे. पण ज्या रानात हे तण उगवते, त्या रानात वर्षभरात काय काय पडते, ते आम्हाला चांगले ठाऊक आहे. म्हणून चार गोष्टी सांगतो.

प्रथम एक खुलासा. तांदुळजा, घोळ, चाकवत, कुर्डू, पाथरी या रानभाज्या आपल्या आया-आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रांधल्या. त्या वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. स्वच्छ रानातल्या असतील तर आम्हीही आवडीने खातो. परंतु ताटातली भाजी वेगळी आणि औषध म्हणून घेतलेला काढा वेगळा. भाजी एका जेवणापुरती असते. काढा म्हणजे पातेलंभर पाला आटवून पेलाभर पाणी, आणि तेही रोज, अनेक दिवस. पाल्यात जे असेल ते सारे त्या पेल्यात उतरते. म्हणून रान कोणते, झाड कोणते आणि दुखणे कोणते, हे तिन्ही पाहिल्याशिवाय तण पोटात घालू नये.

रान कोणते?

आजीच्या रानात शेणखत पडत होते आणि तण खुरप्याने निघत होते. आज आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. माठ, तांदुळजा ही तणे नत्र भराभर उचलतात आणि पानात नायट्रेटच्या रूपात साठवतात. घोळीत ऑक्झालेट मुळातच जास्त असते; मुतखड्याची तक्रार असणाऱ्याने ती जपूनच खावी.

त्याहून मोठा प्रश्न फवारणीचा. तण उगवण्यापूर्वी आपण अॅट्राझीन किंवा मेट्रिब्युझीन मारतो, उगवल्यानंतर २,४-डी मारतो. फवारा बसला म्हणजे तण त्याच दिवशी वाळत नाही. काही दिवस ते हिरवेगार, लुसलुशीत दिसते. दाणेदार कीटकनाशक सरीत टाकले तर ऊस जसे ते मुळावाटे घेतो, तसेच शेजारचे तणही घेते. पानाच्या आत गेलेले औषध नळाखाली धुऊन निघत नाही. बांध आणि पाटाच्या कडेचा पालाही सुटत नाही, कारण वाऱ्याने फवारा तिथवर जातो.

यात खरी अडचण अशी की, फवारणी करतो एक आणि पाला खुडते दुसरी. पंप पाठीवर घेणारा बहुधा पुरुष किंवा बाहेरचा मजूर असतो. भांगलायला येतात त्या बाया. मागील हंगामात आमच्या कार्यक्षेत्रात असेच घडले. तीन दिवसांपूर्वी फवारलेल्या प्लॉटमधून भांगलणीच्या एका बाईने ओटीभर घोळ घरी नेली. मालक तालुक्याला राहणारा, फवारणारा रोजंदारीचा. तिला कोणीच काही बोलले नव्हते. रात्री ती आणि तिचा मुलगा उलट्यांनी बेजार झाले. दोघांना दवाखान्यात ठेवावे लागले, तिसऱ्या दिवशी घरी आले. "मला काय ठावं, पाला तर ताजा दिसत होता," असे ती म्हणाली. तिचे काय चुकले?

झाड कोणते?

एकाच तणाला गावोगाव निराळे नाव असते आणि एकाच नावाखाली दोन-तीन झाडे खपतात. पुनर्नवा म्हणून तांबडी घेटुळी सांगतात. तिच्यासारखीच जमिनीवर पसरणारी पांढरी घेटुळी हे वेगळेच झाड आहे. पुढील चार तणे मात्र प्रत्येकाने ओळखलीच पाहिजेत.

पिवळा धोतरा : काटेरी पाने, पिवळे फूल, पिवळा चीक. याचे काळे बी मोहरीसारखे दिसते. १९९८ साली दिल्लीत याच्या तेलाची भेसळ झालेले मोहरीचे तेल खाऊन साठहून अधिक माणसे दगावली. अंगावर सूज येते आणि हृदय निकामी होते.

धोतरा : दम्यावर म्हणून पाने व बी वापरतात. तोंड कोरडे पडते, बुबुळे मोठी होतात, माणूस बरळू लागतो. आयुर्वेदातसुद्धा धोतऱ्याचे बी शुद्ध केल्याशिवाय वापरत नाहीत.

किडामारी, म्हणजेच गंधाटी : काळ्या रानात जमिनीलगत पसरते, पान चुरगळले की उग्र वास येतो. पोरांच्या जंतांवर याचा रस देण्याची रीत आहे. या जातीच्या वनस्पतींत अॅरिस्टोलोकिक आम्ल असते. त्याने मूत्रपिंडे कायमची खराब होतात आणि मूत्रमार्गाचा कर्करोगही होतो. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या आरंभी वजन उतरवण्याच्या गोळ्यांत अशी वनस्पती मिसळली गेली, तेव्हा शंभराच्या आसपास स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. त्रास लगेच दिसत नाही, म्हणून हे तण अधिक फसवे.

कासविंदा : टाकळ्याचा भाऊच दिसतो. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या साधारण तीन जोड्या, टोके गोलसर. कासविंद्यात चार ते सहा जोड्या, टोके अणकुचीदार. कासविंद्याच्या शेंगांतले बी खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात अनेक लहान मुले यकृत, मेंदू व स्नायूंच्या विकाराने दगावली.

ओळख पटलेली वनस्पतीही बेतानेच घ्यावी लागते. कोरोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने सांगितले की, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. वाद कोणी जिंको, आपण काय पितो हे नक्की माहीत हवे, हा धडा दोन्हीकडून एकच निघतो.

दुखणे कोणते?

कावीळ पुष्कळदा पथ्य आणि विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप उतरते, आणि श्रेय पाल्याला मिळते. परंतु उसाच्या फडात उंदीर असतात आणि त्यांच्या मुतापासून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे आणि मग कावीळ, असा त्याचा क्रम असतो. वेळेत औषध मिळाले तर माणूस बरा होतो. काढ्यात आठवडा गेला तर मूत्रपिंडावर बेतते. सर्पदंशाचेही तसेच. घोणस किंवा नागाच्या विषावर कोणताही पाला चालत नाही, प्रतिविषाची लस हाच उपाय.

सभासदांना विनंती

१. फवारलेल्या प्लॉटच्या बांधावर काठीला लाल फडके बांधा आणि भांगलणीच्या बायांना व मुकादमाला तोंडी सांगा. त्या हंगामात तिथला पाला माणसाने खाऊ नये, जनावरालाही घालू नये.

२. औषधाच्या डब्यावरील त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, नंतर पिवळा, निळा व हिरवा. हिरवा त्रिकोण म्हणजे पोटात गेले तरी चालते, असे नव्हे.

३. गरोदर बाई, तान्हे मूल आणि साखर, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाची औषधे घेणारे यांना कोणताही काढा डॉक्टर किंवा पदवीधर वैद्याला विचारल्याशिवाय देऊ नका. मोबाइलवर आलेला मजकूर म्हणजे वैद्य नव्हे.

४. त्रास झालाच तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. १०८ वर गाडी बोलवा. खाल्लेल्या पाल्याची डहाळी आणि फवारणीच्या औषधाचा डबा दवाखान्यात बरोबर न्या.

लाल फडक्याला खर्च नाही. आपल्या रानात राबणाऱ्या बाईला "इथला पाला नेऊ नको गं" एवढे सांगायला वेळही लागत नाही. या हंगामापासून प्रत्येक गटात हे व्हावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी